लक्ष्मीपूजनाच्या पाटावर केरसुणी का असते?

आमच्या घरी लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी पाटाजवळ सगळ्यांत आधी येते ती नवी केरसुणी. तिच्या मुठीला हळदीकुंकवाची बोटं लावायची, झेंडूचं फूल खोचायचं आणि मग बाकीची मांडणी. लहानपणी यात काही वेगळं वाटत नसे. कळत्या वयात मात्र प्रश्न पडला, की जिनं रोज केर लोटायचा तिला चांदीच्या नाण्याशेजारी जागा कशी? आजीला विचारलं तर ती म्हणाली, "अरे, लक्ष्मीच आहे ती." मला वाटलं, आजी उत्तर टाळतेय. पुढे पूजेचे मंत्र, पुराणकथा आणि पंचांगाचे नियम वाचत गेलो तेव्हा लक्षात आलं, की तिनं पूर्ण उत्तर दिलं होतं.

लक्ष्मीपूजन ही पैशाची पूजा, असा आपला सरसकट समज असतो. पूजेत मांडलेली एकेक वस्तू बघितली, म्हटला जाणारा एकेक मंत्र उलगडला, की या पूजेला समृद्धी म्हणजे काय वाटतं ते दिसू लागतं. ते तिजोरीपेक्षा बरंच मोठं आहे. त्यात धान्य आहे, गुरं आहेत, ओली माती आहे, चोख हिशेब आहे आणि झाडलेलं घर आहे.

दोन बहिणी

केरसुणीपासूनच सुरुवात करू. लक्ष्मी समुद्रमंथनातून वर आली हे सगळ्यांना माहीत असतं. तिच्याआधी तिची थोरली बहीण वर आली होती, हे फारसं सांगितलं जात नाही. तिचं नाव ज्येष्ठा, म्हणजेच अलक्ष्मी. पद्मपुराणातल्या कार्तिक माहात्म्यात तिची गोष्ट येते. थोरलीचं लग्न झाल्याशिवाय धाकटीचं कसं करायचं, म्हणून विष्णूनं ज्येष्ठेचं लग्न उद्दालक ऋषींशी लावून दिलं. ऋषी तिला आश्रमात घेऊन आले. तिथे वेदघोष चाललेला, होमाचा धूर, सारवलेली जमीन. ती दारातच थबकली. म्हणाली, इथे मला राहवणार नाही. जिथे नवराबायको सतत भांडतात, जिथे पाहुणा उपाशी जातो, जिथे थोरामोठ्यांचा अपमान होतो, तिथे मला करमतं. उद्दालक तिला पिंपळाखाली बसवून "जागा शोधून येतो" म्हणाले आणि परतलेच नाहीत. ती रडू लागली. धाकट्या बहिणीला तिची दया आली, आणि विष्णूनं तिला पिंपळातच घर दिलं. शनिवारी लक्ष्मी बहिणीला भेटायला पिंपळाकडे येते अशी समजूत आहे. पिंपळाला शनिवारीच स्पर्श करावा, असं जुनी माणसं सांगतात ते त्यामुळेच.

गोष्ट दोनदा वाचावी अशी आहे. अलक्ष्मी म्हणजे रिकामं पाकीट असं तिच्यात कुठेच म्हटलेलं नाही. अलक्ष्मीला काय आवडतं? घाण, कलह, उपासमार, अपमान. गडगंज घरातही ती मजेत राहू शकते.

म्हणून जुन्या धर्मग्रंथांत या रात्रीचा एक विधी सांगितला आहे, अलक्ष्मी-निःसारण. मध्यरात्र झाली, लोक पेंगुळले, की बायकांनी सूप आणि डिंडिम म्हणजे लहान ढोल वाजवत अलक्ष्मीला घराच्या अंगणातून बाहेर काढायचं. आज सूप बडवणारी घरं फार थोडी उरली आहेत. पण त्या विधीचा गाभा केरसुणीच्या रूपानं घरोघरी टिकला. केरसुणी थोरलीला बाहेर लोटते आणि धाकटीसाठी जागा करते. तिलाच लक्ष्मी म्हणणं हा आजीच्या बोलण्यातला लाडिकपणा नव्हता, तो त्या विधीचा नेमका अर्थ होता.

आणखी एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. खरी केरसुणी शिंदीच्या पात्यांची असते आणि ती बांधण्याचं काम महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या मातंग समाज करत आला. गावगाड्यानं ज्यांना वेशीबाहेर ठेवलं, त्यांच्या हातची वस्तू वर्षातल्या सर्वांत मंगल संध्याकाळी देवघरात पूजली जाते. पूजा करताना तो हातही आठवावा असं मला मनापासून वाटतं. निदान त्या दिवशी प्लॅस्टिकचा झाडू न आणता शिंदीची केरसुणी आणावी.

श्रीसूक्त काय मागतं

लक्ष्मीपूजनात श्रीसूक्त म्हणतात. ऋग्वेदाच्या परिशिष्टात, म्हणजे खिल भागात, ते येतं आणि त्याच्या मुख्य ऋचा १५ आहेत. बऱ्याच घरांत ते मोबाईलवर लावलं जातं आणि मागे फटाक्यांचे आवाज चालू असतात. अर्थाकडे लक्ष जात नाही. तो मात्र ऐकण्यासारखा आहे.

सुरुवात झगमगीत आहे. "हिरण्यवर्णां हरिणीं सुवर्णरजतस्रजाम्", म्हणजे सोन्याच्या रंगाची, सोन्यारुप्याच्या माळा ल्यालेली. सोनं, गाई, घोडे, माणसं मिळोत अशी मागणी लगेच येते. पण पुढे सरकावं तसं सूक्त जमिनीवर उतरतं. सहाव्या ऋचेत बेलाचं झाड तिच्या तपातून जन्मलं असं म्हटलं आहे. म्हणून बेल फक्त शंकराचा नाही, लक्ष्मीचाही आहे. सातव्या ऋचेत "देवसख" येतो. भाष्यकार त्याचा अर्थ कुबेर असा करतात, आणि पाटावर लक्ष्मीशेजारी कुबेराची सुपारी असते तिचा धागा इथेच मिळतो.

आठवी ऋचा ऐका: "क्षुत्पिपासामलां ज्येष्ठामलक्ष्मीं नाशयाम्यहम्, अभूतिमसमृद्धिं च सर्वां निर्णुद मे गृहात्." भूक आणि तहान हाच जिचा मळ, त्या थोरल्या अलक्ष्मीला मी नाहीशी करतो, सगळी हलाखी, सगळा तुटवडा माझ्या घरातून हाकलून दे. "निर्णुद मे गृहात्" या शब्दांत मला केरसुणीचा आवाज ऐकू येतो. बोलावण्याआधी बाहेर काढणं आलं, आणि बाहेर काढायची पहिली गोष्ट म्हणजे भूक.

नवव्या ऋचेत लक्ष्मीला "करीषिणी" म्हटलं आहे. करीष म्हणजे शेण. शेणानं समृद्ध असलेली देवी! ज्यांच्या गोठ्यात गुरं आहेत, अंगणात सडा पडतो, शेतात खत जातं, त्यांना या विशेषणाचं नवल वाटणार नाही. शहरात वाढलेल्या माणसाला मात्र ते थांबवतं. पुढच्या ऋचेत "पशूनां रूपमन्नस्य", गुरांचं रूप आणि अन्नाचं रूप, आणि त्याच ओळीच्या आधी "वाचः सत्यम्", बोलण्यातलं खरेपण. खरं बोलणं, गुरं आणि अन्न हे सगळं एका श्वासात मागितलं आहे.

मग येतात तिची दोन मुलं, कर्दम आणि चिक्लीत. कर्दम म्हणजे चिखल. चिक्लीत म्हणजे ओल, ओलसरपणा. नाव उच्चारताच मराठीतला चिखल आठवतो. "चिक्लीत वस मे गृहे", हे चिक्लीता, माझ्या घरी येऊन राहा. आईला बोलवायचं तर आधी मुलांना बोलवा, म्हणजे ती आपसूक मागे येईल. चिखल आणि ओल घरी आली की लक्ष्मी येते, हे पावसाच्या भरवशावर जगणाऱ्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. कमळ उगवतं तेही चिखलातच.

हे सूक्त एकदा अर्थासकट वाचलं की पूजेतल्या लाह्या, धणे, गूळ, सुपारी या साध्यासुध्या वस्तू तिथे का आहेत ते निराळं विचारावं लागत नाही.

अमावास्या, आणि तीही शुभ?

एरवी अमावास्येला नवं काम सुरू न करणारी माणसं वर्षातली सर्वांत मोठी समृद्धीची पूजा अमावास्येलाच करतात. याची कारणं एकाहून अधिक आहेत.

एक कथा सांगते, की बळीराजानं लक्ष्मीसह सगळ्या देवांना बंदिवासात टाकलं होतं. विष्णूनं वामन होऊन त्यांची सुटका केली ती याच तिथीला, आणि सुटलेले देव क्षीरसागरात जाऊन निर्धास्त झोपले. म्हणून या रात्रीला सुखरात्रिका म्हणतात. आपणही देवांसाठी सुखाची शेज करावी, दिवे लावावेत, असं त्यावरून आलं. दुसरी समजूत अशी, की त्या रात्री लक्ष्मी फिरत असते आणि जिथे उजेड, स्वच्छता, शांतता दिसेल तिथे थांबते. काळोखी रात्र, म्हणूनच दिव्याला अर्थ.

तिसरं कारण पितरांचं. अमावास्या ही त्यांची तिथी. भाद्रपदातल्या महालयात, म्हणजे पितृपक्षात, आलेले पितर आता परत निघतात, त्यांना वाट दिसावी म्हणून उल्का म्हणजे पेटती चूड दाखवायची, असं धर्मग्रंथ सांगतात. सकाळी अभ्यंगस्नान, दुपारी पितरांचं श्राद्ध, मुलं आणि आजारी माणसं सोडून बाकीच्यांचा दिवसभर उपास, आणि संध्याकाळी लक्ष्मी, असा त्या दिवसाचा मूळ क्रम. आज उपास बहुतेक घरांतून गेला आहे आणि फराळ सकाळपासूनच सुरू असतो. पण धनाची देवता आणि गेलेली माणसं यांची आठवण एकाच दिवशी ठेवलेली आहे, हे मला फार जवळचं वाटतं. घरात जे आहे त्यात त्यांचाही वाटा असतो.

बळीराजाच्या कथेबद्दल इथे थांबायलाच हवं. पोथीतला बळी देवांना कैद करणारा आहे. महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याचा बळी मात्र न्यायी, दानशूर, प्रजेचा राजा आहे. "इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो" हे ओवाळताना म्हणणाऱ्या बाईच्या मनात तो पाताळात ढकललेला असुर नसतो. जोतीराव फुल्यांनी हाच लोकांतला बळी पुढे आणला. गंमत म्हणजे पोथ्यांनाही त्याला पूर्ण पुसता आलेलं नाही. वामनानं त्याला वर्षातले तीन दिवस पृथ्वीवरचं राज्य दिलं, ते चतुर्दशी, अमावास्या आणि प्रतिपदा. म्हणजे लक्ष्मीपूजन बरोबर बळीच्या राज्याच्या मधल्या दिवशी येतं! या तीन दिवसांत जो दिवे लावील त्याच्या घरी लक्ष्मी राहील, हा वरही बळीनंच मागून घेतला. दोन्ही कथा एकमेकींच्या विरुद्ध जातात आणि तरीही आपण दोन्ही सांभाळतो. लक्ष्मीची पूजा अमावास्येला, दुसऱ्या दिवशी पाडव्याला बळीची. मला यांतली एकच निवडावी असं कधी वाटलं नाही.

तारखेचा घोळ कशामुळे होतो

२०२४ मध्ये सगळीकडे एकच चर्चा होती, की लक्ष्मीपूजन ३१ ऑक्टोबरला की १ नोव्हेंबरला? महाराष्ट्रातल्या पंचांगांनी १ नोव्हेंबर दिलं, उत्तरेत बऱ्याच ठिकाणी ३१ ऑक्टोबरला झालं. २०२५ मध्ये पुन्हा तसंच, इथे २१ ऑक्टोबर आणि तिकडे २०. "आपल्यातच एकमत नाही" असं म्हणून लोक वैतागतात. हा भाग थोडा गणिताचा आहे, पण अवघड नाही.

तिथी म्हणजे तारीख नव्हे. चंद्र सूर्याच्या पुढे १२ अंश सरकला की एक तिथी संपते. अशा ३० तिथ्या मिळून एक चांद्रमास. चंद्राचा वेग सारखा नसतो, त्यामुळे एखादी तिथी सुमारे १९ तासांत आटोपते तर एखादी २६ तासांपर्यंत लांबते. ती भर दुपारी सुरू होऊ शकते, मध्यरात्री संपू शकते. सूर्य आणि चंद्र नेमके एका रेषेत आले तो अमावास्या संपण्याचा क्षण. हा क्षण पृथ्वीवर सगळीकडे एकच.

पण पूजेचा नियम सूर्यास्ताशी बांधलेला आहे. लक्ष्मीपूजन प्रदोषकाळी करायचं. प्रदोष म्हणजे सूर्यास्तानंतरचे तीन मुहूर्त, म्हणजेच ६ घटिका. एक घटिका २४ मिनिटांची, तेव्हा हा काळ २ तास २४ मिनिटांचा झाला. ज्या संध्याकाळी या काळात अमावास्या असेल तो दिवस धरायचा. अमावास्या एकाच संध्याकाळी असेल तर वादच नाही. २०२६ मध्ये ती ८ नोव्हेंबरला दुपारच्या आधी लागते आणि ९ तारखेला दुपारी संपते, म्हणून संध्याकाळ एकच सापडते, ८ नोव्हेंबरची.

अडचण येते ती दोन संध्याकाळींना अमावास्या असली की. धर्मसिंधु (१७९०) किंवा त्याआधीचा निर्णयसिंधु (१६१२) असे ग्रंथ अशाच पेचांसाठी लिहिले गेले. दोन्ही दिवशी प्रदोषात अमावास्या असेल तर दुसरा दिवस घ्यावा, असं ते सांगतात. २०२४ मध्ये ३१ ऑक्टोबरला दुपारी चारच्या सुमारास अमावास्या लागली आणि १ नोव्हेंबरला संध्याकाळी ६ वाजून १६ मिनिटांच्या आसपास संपली. मुंबईत त्या दिवशी सूर्यास्त सुमारे ६ वाजून ५ मिनिटांनी. म्हणजे दुसऱ्या दिवशीच्या प्रदोषाला मुंबईत अमावास्या जेमतेम दहा-बारा मिनिटं मिळाली. नागपूर पूर्वेला, तिथे सूर्य आधी मावळतो, त्यामुळे तिथे अर्ध्या तासाहून जास्त. आता दुसऱ्या दिवशी नुसता स्पर्श पुरे की किमान एक घटिका तरी हवी, यावर ग्रंथांत एकवाक्यता नाही. वाद तिथून सुरू होतो.

२०२५ मध्ये तर दुसऱ्या दिवशी मुंबईतल्या सूर्यास्ताच्या थोडी आधीच अमावास्या संपत होती. तिथे दुसरा नियम कामी आला. अमावास्या दुसऱ्या दिवशी बराच काळ असेल आणि पुढची प्रतिपदा तिच्यापेक्षा लांबलेली असेल, तरीही दुसरा दिवस घेता येतो. म्हणजे कोणी चुकलं नव्हतं. कोणत्या वचनाला जास्त वजन द्यायचं, एवढाच फरक होता. माझं मत विचाराल तर आपल्या घरात जे पंचांग चालत आलं आहे ते धरावं आणि दुसऱ्यांच्या तारखेला चूक म्हणू नये.

आणखी एक गोंधळ इथेच मिटवून टाकू. आपल्याकडे ही आश्विन अमावास्या, उत्तरेत हिलाच कार्तिक अमावास्या म्हणतात. तिथी तीच, आकाशही तेच. आपला महिना अमावास्येला संपतो आणि त्यांचा पौर्णिमेला, एवढंच.

"स्थिर लग्नावर पूजा करा" असंही सांगितलं जातं. लग्न म्हणजे इथे त्या वेळी पूर्व क्षितिजावर उगवत असलेली रास. लक्ष्मी चंचल, म्हणून ती थांबावी यासाठी स्थिर रास पूर्व क्षितिजावर असताना पूजा करायची, असा तो विचार. या दिवसांत सूर्य तूळ राशीत असतो. सूर्य मावळतो तेव्हा त्याच्या समोरची सातवी रास, म्हणजे मेष, उगवत असते. मेषेमागून वृषभ येते, आणि वृषभ स्थिर रास आहे. त्यामुळे दिवेलागणीनंतर तास-दीड तासात वृषभ लग्न आपोआप मिळतं. घड्याळाकडे बघत जीव टांगणीला लावण्याचं काही कारण नाही. प्रदोष सांभाळला की बहुतेक साधतं.

मांडणी आणि पूजा

भटजी मिळाले नाहीत म्हणून पूजा अडत नाही. घरातल्या कोणीही करावी. बाईनं, पुरुषानं, एकट्या राहणाऱ्या विद्यार्थ्यानं. नवरा गेलेल्या बाईला हळदीकुंकवापासून दूर ठेवणारी घरं अजून आहेत, याचं मला वाईट वाटतं. आमच्या घरी आजोबा गेल्यानंतरही केरसुणीला पहिलं बोट आजीच लावायची. ज्या बाईनं आयुष्यभर ते घर झाडलं, सांभाळलं, तिच्याइतका अधिकार कोणाचा असणार?

घर झाडून घ्यावं, उंबऱ्यापाशी रांगोळी, लक्ष्मीची पावलं आत येणारी. पाट किंवा चौरंग पूर्वेला वा उत्तरेला तोंड करून बसता येईल असा ठेवावा. उत्तर ही कुबेराची दिशा. पाटावर अक्षतांचं स्वस्तिक, त्यावर पाण्याचा कलश. कलशात सुपारी, नाणं, दूर्वा, वर आंब्याची किंवा विड्याची पानं, आणि त्यावर तांदळानं भरलेलं ताम्हण. ताम्हणात लक्ष्मीची मूर्ती किंवा चांदीचं नाणं. मूर्ती नसेल तर तसबीर चालते. एक सुपारी गणपतीची, एक कुबेराची. घरातले दागिने, थोडे पैसे, हिशेबाची वही, लेखणी आणि बाजूला केरसुणी. आमच्याकडे आजी धान्य मोजायची जुनी पितळी अधोलीही ठेवायची, तांदळानं शिगोशीग भरून. नोटा त्यानंतर.

पूजेच्या सुरुवातीला संकल्प असतो. तो नीट ऐकला तर कळतं, की आपण कुठे आणि केव्हा बसलो आहोत हे आपण मोठ्यानं सांगत असतो. जंबुद्वीप, भरतखंड, दंडकारण्य देश, गोदावरीचं दक्षिण तीर किंवा उत्तर तीर, शालिवाहन शक, महिना, पक्ष, तिथी, आणि मग आपलं नाव. एवढ्या मोठ्या विश्वात आपली जागा गोदावरीच्या कुठल्या काठाला आहे ते सांगून मगच मागणी करायची.

मग गणपती, कलश आणि लक्ष्मीची षोडशोपचार पूजा. १६ उपचारांची यादी पाठ करायची गरज नाही. घरी मोठा पाहुणा आला की आपण काय करतो ते आठवा. या म्हणतो, बसायला देतो, पाय धुवायला पाणी, हात धुवायला पाणी, प्यायला पाणी, अंघोळ, कपडे, गंध, फुलं, सुवास, दिवा, जेवण, नमस्कार. क्रम हाच. तसबिरीवर फुलानं पाणी शिंपडावं, नाण्याला पंचामृताचं स्नान घालावं. फुलं झेंडू, शेवंती, मिळालं तर कमळ, आणि बेलही.

प्रार्थना छोटी आहे: "नमस्ते सर्वदेवानां वरदासि हरेः प्रिये, या गतिस्त्वत्प्रपन्नानां सा मे भूयात्त्वदर्चनात्." तुला शरण आलेल्यांना जे मिळतं ते मला तुझ्या पूजेनं मिळो. कुबेरासाठी: "धनदाय नमस्तुभ्यं निधिपद्माधिपाय च, भवन्तु त्वत्प्रसादान्मे धनधान्यादिसंपदः." इथेही धन आणि धान्य जोडीनं आलं आहे. संस्कृत जमत नसेल तर हेच मराठीत म्हणावं. लक्ष्मीआईला मराठी समजतं.

नैवेद्य साळीच्या लाह्या, बत्तासे, धणे, गूळ, आणि लवंग-वेलदोडे-साखर घातलेला दुधाचा खवा. साळ म्हणजे भात. दिवाळीच्या सुमारास खरिपाचं पीक हाती येतं, भाताची कापणी सुरू असते, बाजरी खळ्यावर आलेली असते. घरात खरोखर धान्य येण्याचा हा काळ. नव्या साळीची लाही फुलते आणि मूठभराची परातभर होते. समृद्धीचं याहून नेमकं चित्र मला तरी सुचत नाही.

धण्यांची गोष्टही तशीच. धनत्रयोदशीला धणे-गुळाचा नैवेद्य असतो. धन आणि धणे ही नावांची जवळीक आहेच, शिवाय धणे पेरले की उगवतात. सोनं पेरून उगवत नाही. धनत्रयोदशीला सोनं घेतलंच पाहिजे, या समजुतीनं कित्येक घरांवर कर्जाचा ताण येतो. त्या दिवसाचा जुना विधी आहे यमासाठी दक्षिणेकडे तोंड करून कणकेचा दिवा लावण्याचा, घरातल्या कोणाला अकाली मरण येऊ नये म्हणून. सोनं घेता आलं तर आनंदानं घ्यावं. कर्ज काढून मात्र घेऊ नये. कर्ज ही थोरल्या बहिणीच्या आवडीची गोष्ट आहे.

वही

पाटावर हिशेबाची वही असते, तिच्याबद्दल. व्यापाऱ्यांच्या घरी हे वहीपूजन किंवा चोपडापूजन. नवी रोजकीर्द, नवी खतावणी, पहिल्या पानावर श्री आणि शुभ-लाभ. गुजराती पद्धतीत विक्रम संवताचं नवं वर्ष कार्तिक शुद्ध प्रतिपदेला सुरू होतं. आदल्या संध्याकाळी जुना हिशेब मिटवून नव्याची पूजा करायची, ही पद्धत गुजराती-मारवाडी व्यापाऱ्यांबरोबर महाराष्ट्राच्या पेठांमध्ये रुजली. मुंबईच्या शेअर बाजारात दिवाळीला तासाभराचा मुहूर्ताचा व्यवहार १९५७ पासून चालत आला आहे, त्याचं मूळही इथेच.

पण पगारावर चालणाऱ्या घरालाही वही लागते. मला वाटतं, या पूजेतला सर्वांत विसरला गेलेला भाग हाच. माझी आई एका पातळ वहीत महिन्याचा खर्च लिहायची. दूध, किराणा, वीजबिल, कोणाकडून उसने आणलेले, कोणाला द्यायचे. लक्ष्मीपूजनाच्या दुपारी ती वही घेऊन बसायची. कोणाचे पैसे राहिले असतील तर पूजेआधी देऊन यायची, अगदी कोपऱ्यावरच्या दुकानातले सुटे असले तरी. मग नवी वही, पहिल्या पानावर श्री, आणि ती पाटावर. श्रीसूक्तातलं "वाचः सत्यम्" तिनं वाचलेलं नव्हतं. आता हिशेब मोबाईलमध्ये असतो. मोबाईलला किंवा लॅपटॉपला फूल वाहिलं तरी हरकत नाही, पण त्याआधी कोणाचं काय देणं आहे ते उघडून बघावं.

पूजा झाली की नैवेद्य सगळ्यांना द्यावा, घरकामाला येणाऱ्या ताईंना आणि जिन्यावरच्या मुलांनाही. एक दिवा देवापाशी रात्रभर राहावा असं म्हणतात. तो ठेवायचा तर मोठ्या समईत, पडद्यापासून दूर, ताम्हणात. झोपताना काळजी वाटत असेल तर दिवा शांत करून झोपावं. लक्ष्मीला आग नको असते. त्या रात्री केर बाहेर काढत नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाडवा. पाटावर अक्षता वाहून उत्तरपूजा करायची, कलशातलं पाणी घरात शिंपडून उरलेलं तुळशीला. ताम्हणातले तांदूळ घरच्या डब्यात मिसळायचे. दागिने कपाटात, वही टेबलावर. केरसुणीच्या मुठीतलं झेंडूचं फूल काढून ठेवायचं, आणि मग तीच हातात घेऊन अंगणातला रात्रीच्या फटाक्यांचा कागद झाडायला सुरुवात करायची.